पडण्याआधी बाई कशा चालत होत्या

वस्तराबाईंचं खरं नाव इतकं वापराबाहेर गेलं होतं, की हॉस्पिटलच्या फॉर्मवर लिहिताना त्यांच्या पोटच्या मुलालाही क्षणभर थांबावं लागलं. शेचाळीस वर्षं पुरुषांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवणाऱ्या बाईला आणखी नाव हवंच कशाला? दुकानात सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'वस्तराबाई'. ज्यांचे कान त्यांच्या हातून चिरले गेले होते, असे दोघेच, ते अजून काय काय म्हणत ते इथे सांगण्यासारखं नाही.

नवरा गेला तेव्हा बाई छत्तीस वर्षांच्या होत्या आणि मुलगा बारा वर्षांचा. दुकान नवऱ्याचं. एक खुर्ची, एक लांबलचक आरसा, वर राहायला दोन खोल्या. दुकान विकून टाका असा सल्ला द्यायला माणसं रांगेने आली. दीर तर एक गिऱ्हाईकही घेऊन आले होते. बाईंनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता नवऱ्याचा एप्रन कमरेला दोनदा गुंडाळून दुकान उघडलं. पाच आठवडे खुर्चीत कुणी बसलं नाही. पुरुष दाराशी यायचे, आत बाईमाणूस बघायचे आणि दाढी वाढवायचं ठरवून निघून जायचे. मग एका सकाळी पोस्टातला एक कारकून आला. त्याला दहा वाजता साहेबासमोर उभं राहायचं होतं आणि पलीकडच्या गल्लीतलं दुकान बंद होतं. तो डोळे गच्च मिटून बसला. उठला तेव्हा त्याची हनुवटी अशी गुळगुळीत झाली होती, की जाताना तो दारातल्या काचेत चारदा वाकून बघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने मेव्हण्याला आणलं. नंतर बाईंना मान वर करायला फुरसत मिळाली नाही.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की बाई कोण आहेत हे फॉर्मवरच्या रकान्यात मावत नव्हतं.

एका सोमवारी सकाळी खाली पडलेला कंगवा उचलायला बाई वाकल्या, ताठ झाल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन धाडकन फरशीवर आडव्या झाल्या. खुबा मोडला. वय वर्षं ब्याऐंशी. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने अॅम्ब्युलन्स बोलावली आणि अर्ध्या गालावर वाळलेला फेस तसाच घेऊन तो बाईंबरोबर हॉस्पिटलपर्यंत गेला. अपघात विभागातल्या लोकांनी आधी त्यालाच तपासायला घेतलं.

संध्याकाळपर्यंत मुलगा पोचला. तो राहायला चार तासांच्या अंतरावर, आणि नोकरी इमारतींच्या सुरक्षा तपासणीची. कुठला जिना कुणाला पाडेल, कुठली वायर कधी पेटेल, याचाच विचार करून त्याचं डोकं पांढरं झालं होतं. त्याच्यापुढे फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता : पडण्याआधी रुग्ण कशी चालत होती? मुलाने पेन टेकवलं आणि लिहिलं, 'घरातल्या घरात, भिंतीच्या आधाराने.'

एक ओळ. पण हॉस्पिटलात अशी ओळ एकदा लिहिली गेली, की पुढचे सगळे तीच वाचून पुढे जातात.

मंगळवारी ऑपरेशन झालं. हाडाच्या डॉक्टरांनी अर्धा सांधा नवा बसवला आणि काम फत्ते म्हणून सांगितलं. बुधवारी दुपारी मात्र बाई भलतंच बोलायला लागल्या. वॉर्डच्या जमिनीवर केसच केस पडलेत, झाडून घ्या, गिऱ्हाईक घसरेल, असं त्या सिस्टरला दरडावून सांगत होत्या. मुलाला त्यांनी त्याच्या बापाच्या नावाने हाक मारली आणि तुरटी संपलीय म्हणून झापलं. अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस बाहेर पॅसेजमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून रडला. मग त्याने खिशातला फोन काढला. शहराबाहेर वृद्धांसाठी एक निवास होता, सगळीकडे रॅम्प, बाथरूममध्ये बोलवायची घंटा. तिथे येत्या सोमवारपासून एक खोली मोकळी होणार होती. ती त्याने धरून ठेवली.

गुरुवारी सकाळी बाईंचं डोकं ताळ्यावर आलं. त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर चष्मा आणि कानाचं मशीन मागितलं. दोन्ही वस्तू पडल्या दिवसापासून एका पिशवीत बांधून ठेवल्या होत्या. म्हणजे तीन दिवस या बाईला ना धड दिसत होतं ना ऐकू येत होतं, वर भूल, वेदना आणि लघवीची नळी. अशा अवस्थेत तुमचं-आमचंही डोकं फिरलं असतं, पण आपलं वय ब्याऐंशी नसल्यामुळे आपल्याला कुणी निवासात धाडलं नसतं.

मुलाने शेजारी बसून, हात हातात घेऊन, येत्या सोमवारी निवासात जायचं सांगितलं. बाईंनी हात काढून घेतला.

"दुकानाची चावी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"आई, दुकानाचं आता विसर."

"मी चावी कुठाय ते विचारलं."

चावी त्याच्याच खिशात होती. ती त्याने दिली नाही, आणि बाईंनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

या हॉस्पिटलात एक पद्धत होती. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला, की हाडाच्या डॉक्टरांबरोबर वृद्धांचे डॉक्टरही त्याला बघायचे. हे डॉक्टर हाड सोडून बाकी सगळं बघत : डोकं, कान, डोळे, औषधं, जेवण, घर, घरातली माणसं, पायऱ्या किती आणि कठडा कुठल्या बाजूला. ते यायच्या आधी त्यांच्या हाताखालची शिकाऊ डॉक्टरीण कागद घेऊन आली.

"आजी, एक छोटी परीक्षा घेऊ या?"

"मी कुणाची आजी नाही. बाई म्हण," बाई म्हणाल्या. "आणि परीक्षा तुझी घेतेस की माझी, ते आधी सांग."

तिने तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, बाईंनी ठेवले. वार विचारला, तारीख विचारली, दोन्ही बरोबर. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं, बाई तोंडाने भराभर दोनपर्यंत उतरल्या. मग तिने कागदावर एक गोल काढला आणि म्हणाली, यात घड्याळाचे आकडे भरा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. बाईंनी सफाईने आकडे भरले, काटे काढले आणि कागद परत दिला. शिकाऊ डॉक्टरणीचा चेहरा पडला. बाराच्या डावीकडे एक, मग दोन, मग तीन, असं सगळं घड्याळ उलटं फिरलं होतं. तिने कोपऱ्यात शून्य लिहिलं आणि खाली, 'आकलन शंकास्पद, घरी एकटं राहणं योग्य वाटत नाही.'

तो कागद त्याच दुपारी मुलाने पाहिला. त्याला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं. आपण घाई केली नाही याचा पुरावाच मिळाला होता त्याला.

शुक्रवारी वृद्धांचे डॉक्टर आले. पन्नाशी उलटलेला, उंच, किंचित वाकलेला माणूस. त्यांनी खुर्ची ओढून पलंगाजवळ घेतली, बसले, आणि बाईंनी त्यांच्या मानेकडे बघितलं.

"तुमचे केस मागून कुणी कापले?"

"का?"

"मशीन फिरवलंय. डावी बाजू बोटभर वर गेलीय."

डॉक्टरांनी मानेवरून हात फिरवला. "बायकोने कापले."

"मग ठीक," बाई म्हणाल्या. "पैसे देऊन घेतले असते तर बोलले असते."

डॉक्टर हसले आणि त्यांनी कागद चाळायला घेतले. घड्याळाशी थांबले. बराच वेळ त्या गोलाकडे बघत राहिले. आकडे सगळे होते, अंतरं मोजून मारल्यासारखी सारखी होती, काटे नेमके होते. बिघडलेल्या डोक्याचं घड्याळ असं नसतं, त्यात आकडे एका कोपऱ्यात गर्दी करतात किंवा गोलाबाहेर पडतात. त्यांनी कागद पालथा केला, खिडकीच्या उजेडापुढे धरला आणि मागच्या बाजूने बघितला. अकरा वाजून दहा मिनिटं.

"बाई, तुमच्या दुकानात घड्याळ कुठे आहे?"

"गिऱ्हाइकाच्या पाठीमागे. आरशासमोरच्या भिंतीवर."

"आणि तुम्ही काम करताना..."

"आरशाकडे तोंड करून उभी असते. शेचाळीस वर्षं आरशातच बघतेय," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना समजलं. चेहरा लाल झाला. "तरीच ती पोरगी अशी बघत होती. सरळ विचारायचं ना तिने, शून्य कसलं देते?"

डॉक्टरांनी ते शून्य स्वतः खोडलं. मग त्यांनी फॉर्मवरची ती ओळ वाचून दाखवली. घरातल्या घरात, भिंतीच्या आधाराने. बाईंच्या कपाळाची शीर उडायला लागली. केसाने गळा कापणं म्हणजे काय हे त्या इतकी वर्षं नुसतं बोलत आल्या होत्या, आज ते अंगावर आलं होतं.

"कोणी सांगितलं हे?"

"तुमच्या मुलाने. खोटं आहे?"

"सकाळी आठ ते संध्याकाळी सात दुकानात उभी असते मी. भिंत कशाला धरू?"

"याआधी कधी पडला होतात?"

"नाही."

डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसते बसून राहिले. बाईंना हा प्रकार नवा नव्हता. खुर्चीत बसलेल्या माणसाकडून काही काढून घ्यायचं असेल, तर त्याही अशाच गप्प राहत, आणि गप्प राहिलं की माणूस आपणहून बोलतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण समजत असलं म्हणून सुटका होत नाही. खरं सांगितलं तर मुलाच्या हाती कोलीत, नाही सांगितलं तर हा समोरचा माणूसही हातचा जाणार. आणि सध्या बाईंच्या बाजूने या अख्ख्या इमारतीत हा एकच माणूस होता.

"दोनदा," त्या शेवटी म्हणाल्या. "एकदा दुकानात, एकदा जिन्याच्या तळाशी. दुसऱ्या वेळी कंबर धरली होती. दोन दिवसांनी मुलगा आला. तेव्हा चालताना भिंत धरत होते. त्याने विचारलं तर म्हटलं, झोप नीट झाली नाही."

म्हणजे मुलाने जे पाहिलं तेच लिहिलं होतं. खोटं बाईंनीच पेरलं होतं आणि ते असं उगवून आलं होतं. बाईंना स्वतःचा संताप आला, पण त्याच्या आडून मुलाचाही संताप आलाच. एका दिवसाच्या भिंतीवरून आईची शेचाळीस वर्षं मोजतात का?

डॉक्टरांनी मुलाने घरून आणलेली गोळ्यांची पिशवी पलंगावर उपडी केली. दोन डबे वेगळे काढले. नावं वेगळी, आतलं ब्लड प्रेशरचं औषध एकच. जुना डॉक्टर गेला, नव्याने आपल्या सवयीचं नाव लिहून दिलं, औषधवाला दोन्ही देत राहिला आणि बाई इमानेइतबारे दोन्ही घेत राहिल्या. वर एक झोपेची गोळी. डॉक्टरांनी बाईंचं प्रेशर आडवं असताना मोजलं, मग वॉकर धरून उभं केलं आणि पुन्हा मोजलं. ते झरकन खाली आलं. बाईंना तीच ओळखीची अंधारी आली.

"हे वय नाही," डॉक्टर म्हणाले. "वयही आहे, पण मुख्य म्हणजे ही गोळी आहे. एक बंद. झोपेची पण हळूहळू बंद. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तो काढायचा. हाडं ठिसूळ झालीत, त्याचं औषध सुरू करायचं. आणि जेवण?"

"दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये, उभ्याने."

"ते पण बंद."

"सगळंच बंद करा," बाई म्हणाल्या, "फक्त दुकान सोडून."

शनिवारी बैठक झाली, व्यायामाच्या खोलीत. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, मुलगा आणि वॉकर धरून आलेल्या बाई. डॉक्टरांनी घड्याळाचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं, आणि बाईंच्या परवानगीने आधीच्या दोन पडण्यांचंही सांगितलं. मुलाने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला,

"म्हणजे ती तीनदा पडली, आणि तुम्ही म्हणताय घरी पाठवू. चौथ्यांदा पडली तर? मी चार तास लांब असतो, डॉक्टर. फोन वाजला की माझे हातपाय गार पडतात. मला आई जिवंत हवीय, बस."

तो मनापासून बोलत होता. बाईंना ते लागलं. पण त्या नमल्या नाहीत. मुलाचं प्रेम खरं होतं म्हणून त्याचा निर्णय बरोबर ठरत नव्हता.

"एक चाचणी घेऊ," फिजिओथेरपिस्ट मध्ये पडला. कोपऱ्यात छोटा ओटा होता, त्यावर किटली आणि कप. "बाई, आम्हाला चहा करून दाखवा. घरी एकट्याने जमेल का, ते यावरून बघतो आम्ही."

"चहा मला येत नाही," बाई म्हणाल्या.

मुलाने डॉक्टरांकडे बघितलं. हे बघा, असा त्याचा चेहरा.

"आयुष्यात कधी केला नाही. आधी नवरा करायचा, नंतर समोरच्या दुकानातून यायचा. हा करायचा लहानपणी. विचारा त्याला." मुलाला मान हलवावीच लागली. "मला दुसऱ्याच्या कामात नापास करून काय मिळवणार? माझं काम बघा. याने पाच दिवस दाढी केली नाहीये. बसवा त्याला."

बाईंचा वस्तरा वॉर्डातच होता. पडल्या दिवशी एप्रनच्या खिशात आला होता आणि सिस्टरने तो 'धोकादायक वस्तू' अशी चिठ्ठी लावून कुलपात ठेवला होता. डॉक्टरांनी तो मागवला. सिस्टर स्वतः घेऊन आली, नवं पातं घातल्याची खात्री करून घेतली आणि तमाशा बघायला तिथेच थांबली.

"आता तूच ठरव," बाई मुलाला म्हणाल्या. गुरुवारनंतर त्या पहिल्यांदाच त्याच्याशी सरळ बोलत होत्या. "तुझ्या मते माझं डोकं ठिकाणावर नाही. हात-पाय ठिकाणावर नाहीत. तसं असेल तर बसू नकोस. शहाणा माणूस बसणार नाही. पण तसं नसेल तर उगाच उभा राहू नकोस, मला काम आहे."

मुलाने सगळ्यांकडे बघितलं. मग भिंतीवरच्या मोठ्या आरशासमोर वर-खाली होणारी एक खुर्ची होती, तिच्यात जाऊन बसला आणि मान मागे टाकली.

फिजिओथेरपिस्टने बाईंच्या कमरेला पट्टा बांधून तो मागून धरला. बाईंनी मांडी शेजारच्या व्यायामाच्या पलंगाला टेकवली, वॉकर बाजूला सारला आणि साबणाचा फेस केला. हात किंचितही हलत नव्हता. उजवा कल्ला, उजवा गाल, ओठांच्या वरची पट्टी. खोलीत पात्याचा बारीक करकर आवाज तेवढा येत होता. मुलाने सुरुवातीला खुर्चीचे हात घट्ट धरले होते. तिसऱ्या मिनिटाला त्याची बोटं सैल पडली.

आठव्या मिनिटाला बाईंचा पाय थरथरायला लागला. आधी गुडघा, मग मांडी. डॉक्टर पुढे झाले. बाईंनी वस्तरा मुलाच्या चेहऱ्यापासून दूर, वर उचलून धरला आणि थांबल्या. शेचाळीस वर्षांत अर्धी दाढी त्यांनी कधी सोडली नव्हती, ना कधी बसून केली होती.

"स्टूल द्या," त्या म्हणाल्या.

सिस्टरने स्टूल सरकवलं. बाई बसल्या.

"खुर्ची खाली घ्या. अजून. बास." आणि डॉक्टरांकडे न बघता म्हणाल्या, "लिहून घ्या. उभ्याने आठ मिनिटं. बाकीची बसून. दुकानात उंच स्टूल घेईन. जिन्याला दुसऱ्या बाजूने कठडा लावून घेईन, हाच लावेल, त्याचं ते कामच आहे. गळ्यात मदतीला बोलवायचं बटण घालायला सांगितलंत तर तेही घालीन. दिवसाला सहा गिऱ्हाइकं, जास्त नाही. पण निवासात जाणार नाही. तिथे घंटा वाजवून मी बोलवू कुणाला आणि सांगू काय?"

मग त्यांनी वस्तरा मुलाच्या गळ्यावर टेकवला. मुलाच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. त्याने तोंड उघडलं.

"डॉक्टर, त्या फॉर्मवर मी..."

"गप्प बस," बाई म्हणाल्या. "पातं चालू आहे."

तो गप्प बसला. बाईंनी गळा पुरा केला, हनुवटी केली, ओल्या टॉवेलने चेहरा पुसला आणि अंगठा गालावरून उलटा फिरवून पाहिला. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"आता बोल."

मुलगा खुर्चीत सरळ झाला. "ती ओळ बदला, डॉक्टर. लिहा, पडण्याआधी दिवसभर उभी राहून दुकान चालवत होती."

"दिवसभर नको," बाई म्हणाल्या. "दुपारी खुर्चीत तासभर डुलकी काढते. खरं असेल तेच लिहा. आणि दोनदा पडली होती, तेही लिहा."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मुलाने खिशातून चावी काढून आईच्या मांडीवर ठेवली आणि फोन हातात घेतला. तसाच घेऊन उभा राहिला.

"सोमवारच्या त्या लोकांना काय सांगू?"

बाई वस्तरा पुसत होत्या. तो मिटून त्यांनी सिस्टरच्या हातात दिला.

"सांग," त्या म्हणाल्या, "आईला वेळ नाही."